रबाळे: वरच्या ऑफिसातून खालचा लॉगर दिसत नाही. स्टॅटिक रूट नेमका कुठे टाकायचा?

रबाळेकर (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९:५०

मंडळी, रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. खाली शॉप फ्लोअर, वर ऑफिस. दोन्हीकडे नेटवर्क वेगळं:

ऑफिस: १९२.१६८.१.०, मास्क २५५.२५५.२५५.० (म्हणजे पत्त्याचे पहिले तीन आकडे नेटवर्कचे, शेवटचा मशीनचा). इथे फायबरवाल्याने दिलेला राउटर, पत्ता १९२.१६८.१.१.
शॉप फ्लोअर: १९२.१६८.१०.०, मास्क तोच. इथे आम्ही घेतलेला दुसरा राउटर. त्याचा खालचा पत्ता १९२.१६८.१०.१. त्याच्या वॅन (बाहेरच्या नेटच्या) पोर्टमधून एक वायर वर ऑफिसच्या स्विचमध्ये आलीय, तिकडचा पत्ता १९२.१६८.१.२५४.

खाली एनर्जी मीटरचा डेटा लॉगर, म्हणजे रीडिंग नोंदवणारी पेटी (१९२.१६८.१०.४०, पुढे थोडक्यात १०.४०) आणि डिस्पॅचचा लेबल प्रिंटर (१०.२०) आहे. खालच्या लॅपटॉपवरून दोन्ही चालतात, इंटरनेटही चालतं. वरून काहीच दिसत नाही. शेठना कॉम्प्रेसर किती युनिट खातो तो ग्राफ आपल्या टेबलावर हवाय.

पॅनेलवाल्याचा माणूस येऊन फायबरच्या राउटरमध्ये स्टॅटिक रूट (अमुक नेटवर्कला अमुक वाटेने जा, असा हाताने भरलेला रस्ता) टाकून गेला: डेस्टिनेशन १९२.१६८.१०.०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे (पॅकेट पुढे ज्याच्याकडे द्यायचं तो पत्ता) १९२.१६८.१०.१. सेव्ह झाला, पण फरक शून्य. आता तो म्हणतो तुमच्या फायबरवाल्याला विचारा, आणि फायबरवाला म्हणतो नेट चालतंय ना मग झालं.

वायरमन_ऐरोली | सोमवार, रात्री १०:०५

वरच्या पीसीवरून ट्रेसर्ट (पॅकेट कुठून कुठून जातं ते दाखवणारी कमांड) मारा १९२.१६८.१०.४० ला आणि इथे टाका. -डी लावा, नाहीतर नावं शोधत बसेल.

रबाळेकर | सोमवार, रात्री १०:२०

पहिली ओळ १९२.१६८.१.१. दुसरी ओळ १००.७२ ने सुरू होणारा कुठलातरी पत्ता. पुढे नुसते तारे.

पडीक_नेटवाला | सोमवार, रात्री १०:४५

दुसऱ्या ओळीतच उत्तर आहे. तो १००.७२ वाला पत्ता तुमचा नाही, फायबर कंपनीच्या आतला आहे. १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा २०१२ साली खास कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवलाय. एकाच सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो गिऱ्हाइकं बसवायची तर त्यांना आतून हे पत्ते देतात. म्हणजे तुमच्या शॉप फ्लोअरसाठी निघालेलं पॅकेट रबाळ्यातल्या तुमच्याच इमारतीतून बाहेर कंपनीकडे गेलं आणि तिकडे मेलं. राउटरला १०.० चा रस्ता कळलेलाच नाही, म्हणून त्याने ते डिफॉल्ट रस्त्याला लावलं.

का कळला नाही? रूटमधला गेटवे चुकलाय. गेटवेच्या खान्यात त्या राउटरला थेट पोचता येईल असाच पत्ता लागतो. फायबरचा राउटर बसलाय १९२.१६८.१.० मध्ये आणि तुम्ही त्याला सांगताय, १०.० ला जायचं तर १०.१ ला विचार. अहो, पण १०.१ ला जायचं कसं, तेच तर त्याला माहीत नाहीये. रबाळ्याहून कर्जतला निघालेल्या माणसाला 'ठाण्याला गाडी बदल' असं सांगतात. 'कर्जतला गाडी बदल' असं सांगितलं तर तो फलाटावरच उभा राहील.

गेटवे करा १९२.१६८.१.२५४. बाकी तसंच ठेवा. बरेच राउटर असा चुकीचा गेटवे सेव्हच करू देत नाहीत. तुमचा करून घेतो आणि गुपचूप निष्क्रिय ठेवतो, हे जास्त वाईट.

चहा_कमी_साखर | सोमवार, रात्री ११:१०

एवढा खटाटोप कशाला? दुसरा राउटर काढून टाका, साधा स्विच लावा, सगळं एकाच १९२.१६८.१.० मध्ये आणा. रूट नको नि काही नको. छोट्या युनिटला दोन नेटवर्क म्हणजे उगाच थाट.

पडीक_नेटवाला | सोमवार, रात्री ११:२५

@चहा_कमी_साखर, चार पीसी आणि एक प्रिंटर असता तर मीही हेच म्हणालो असतो. पण खाली मीटर, लॉगर, उद्या पीएलसीही (मशीन चालवणारा कंट्रोलर) येईल. मोडबस टीसीपीला, म्हणजे ही मशीन ५०२ नंबरच्या पोर्टवर जी भाषा बोलतात तिला, पासवर्ड हा प्रकारच नाही. जो पोचला तो वाचणार आणि रजिस्टरमध्ये लिहिणारसुद्धा. वर अकाउंट्सच्या पीसीवर कोण कुठली अटॅचमेंट उघडतंय ते आपण बघायला जात नाही. मध्ये एक राउटर असलेला बरा.

चहा_कमी_साखर | सोमवार, रात्री ११:३२

मग लॉगरसाठी दुसऱ्या राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करा, म्हणजे त्याच्या एका पोर्टवर आलेलं तो थेट लॉगरकडे देईल. वरून १.२५४ उघडलं की लॉगर. पाच मिनिटांचं काम.

वायरमन_ऐरोली | मंगळवार, सकाळी ८:१५

एकाच डिव्हाइससाठी हे चालेल, नाही म्हणत नाही. पण लॉगरचं वेबपेज ८० वर, प्रिंटरचंही ८० वर. मग एकाला ८०८१, दुसऱ्याला ८०८२. तिसरं मशीन आलं की ८०८३. वर्षभराने कुठला नंबर कशाचा हे एकाच माणसाला माहीत असतं आणि तो नेमका गावी गेलेला असतो.

रबाळेकर | मंगळवार, दुपारी १२:४०

गेटवे १.२५४ केला. आता ट्रेसर्टमध्ये पहिली ओळ १.१, दुसरीपासून तारे. १००.७२ गायब झालं. पण लॉगर, प्रिंटर काहीच लागत नाही. १०.१ सुद्धा नाही.

पडीक_नेटवाला | मंगळवार, दुपारी १:०५

प्रगती आहे. पॅकेट आता दुसऱ्या राउटरच्या दारात पोचतंय आणि तो दार उघडत नाहीये. त्याच्या दृष्टीने वॅन पोर्टच्या बाजूला जे काही आहे ते बाहेरचं जग, आणि बाहेरून आपणहून आलेलं काहीही तो टाकून देतो. त्याचं चुकत नाही, घरगुती राउटर बनतातच तसे.

त्याच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी बघा.

नॅट (आतले पत्ते झाकून सगळं स्वतःच्या एका पत्त्याने बाहेर पाठवणं) बंद करा. काहींमध्ये 'ऑपरेशन मोड' असतो, त्यात 'गेटवे' ऐवजी 'राउटर' निवडायचं. काहींमध्ये वॅनच्या पानावर नॅटचा चौकोन असतो. नाहीच सापडला तर ते मॉडेल या कामाचं नाही.

फायरवॉलमध्ये १९२.१६८.१.० कडून १९२.१६८.१०.० कडे जायला परवानगी द्या. सगळ्या ऑफिसला देऊ नका. ज्या दोन-तीन पीसींना गरज आहे तेवढ्यांनाच द्या, नाहीतर मी काल रात्री जे प्रवचन दिलं ते फुकट. त्या पीसींचे पत्ते मात्र राखीव करून घ्या, नाहीतर परवानगी एकाला आणि पत्ता दुसऱ्याला असं व्हायचं.

आणि एक सावधगिरी. नॅट बंद केल्यावर खालच्या मशीनचं इंटरनेट जाऊ शकतं. आतापर्यंत खालचं सगळं १.२५४ च्या नावाने बाहेर जात होतं. आता ते १०.४०, १०.२० अशा स्वतःच्या पत्त्याने फायबरच्या राउटरकडे येईल. परतीचा रस्ता त्याला आता ठाऊक आहे, कारण तुम्ही रूट टाकलाय. पण काही फायबर राउटर फक्त स्वतःच्या नेटवर्कचेच पत्ते बदलून बाहेर पाठवतात, परक्या १०.० ला हात लावत नाहीत. तसं झालं तर कळवा.

स्काडावाली_ठाणे | मंगळवार, दुपारी ३:३०

वागळे इस्टेटमध्ये प्लांट ऑटोमेशनचं काम करते. इथे एक पर्याय कुणीच काढला नाही म्हणून लिहिते, कारण साइटवर सर्रास तोच दिसतो: शेठच्या पीसीला दुसरं लॅन कार्ड लावायचं, एक वायर ऑफिसची, एक खालची.

करायचंच असेल तर दुसऱ्या कार्डात डिफॉल्ट गेटवेचा खाना रिकामा ठेवा. दोन्ही कार्डांत गेटवे भरला की विंडोज मेट्रिक (रस्त्याचा पसंतीक्रम) बघून एकाच्या मागे लागतं. कधी नेट जातं, कधी मशीन जातं, आणि पीसी रीस्टार्ट केला की 'आपोआप' बरं होतं. मग सगळे म्हणतात विंडोज खराब. एका पीसीला डिफॉल्ट गेटवे एकच. बाकी दूरच्या नेटवर्कसाठी नेमका स्टॅटिक रूट.

शिवाय असा पीसी म्हणजे दोन नेटवर्कमधलं मागचं दार. मध्ये राउटर ठेवून काय उपयोग मग? मी तरी लावू देत नाही.

रबाळेकर | मंगळवार, सायंकाळी ७:१५

स्काडावाली ताई, नेमका हाच सल्ला पॅनेलवाल्याने दिला होता. बरं झालं लिहिलंत.

नॅट बंद, फायरवॉलमध्ये दोन पीसींना परवानगी. खालचं इंटरनेट चालू आहे, देवाची कृपा. पण आता गंमत बघा:

१०.१ ला पिंग ('आहेस का' अशी हाक) लागतो.
प्रिंटरला (१०.२०) पिंग लागतो, पण त्याचं वेबपेज उघडत नाही. गोल गोल फिरत बसतं.
लॉगरला (१०.४०) पिंगही नाही. खालच्या लॅपटॉपवरून मात्र लॉगर मस्त चालतो.

वायरमन_ऐरोली | मंगळवार, सायंकाळी ७:४०

प्रिंटरमध्ये गेटवे १०.१ आहे ना? लॉगरमध्ये? स्टॅटिक रूटचं पान प्रिंटरमध्ये, लॉगरमध्ये सहसा नसतं. त्यांना पत्ता, मास्क आणि गेटवे एवढंच समजतं. गेटवे ०.०.०.० राहिला असेल तर मशीनला तुमचा निरोप मिळतो पण उत्तर कुठे द्यायचं ते कळत नाही. नव्वद टक्के वेळा हेच असतं. (टक्केवारी माझ्या मनची.)

पडीक_नेटवाला | मंगळवार, रात्री ९:००

दोन वेगवेगळी दुखणी आहेत, एकत्र करू नका.

आधी प्रिंटर. पिंग लागतो म्हणजे जायचा-यायचा रस्ता आहे. पण जायचा वेगळा आणि यायचा वेगळा. शेठच्या पीसीचा गेटवे १.१. त्यामुळे पॅकेट पीसी → १.१ → १.२५४ → प्रिंटर असं जातं. उत्तर येताना प्रिंटर → १०.१ → आणि तिथून थेट पीसीला, कारण दुसऱ्या राउटरचा एक पाय १९२.१६८.१.० मध्येच आहे. त्याने १.१ ला मध्ये घ्यायचं कारणच नाही.

पिंगला याने बिघडत नाही. वेबपेजला बिघडतं. टीसीपीत आधी तीन पावलांचं हस्तांदोलन असतं. पहिलं पाऊल फायबरच्या राउटरने बघितलं, दुसरं त्याच्या पाठीमागून निघून गेलं, आणि मग तिसरं पुन्हा त्याच्यासमोर आलं. त्याची फायरवॉल म्हणते, मधलं उत्तर मी बघितलंच नाही, हे कनेक्शन बोगस आहे, फेका. म्हणून गोल गोल. 'पिंग लागतो पण पेज नाही' हे ऐकलं की आधी येण्याजाण्याचे रस्ते वेगळे आहेत का ते बघावं.

काही राउटर अशा वेळी पीसीला कळवतात की बाबा, तू थेट १.२५४ लाच जा. काही कळवत नाहीत, आणि कळवलं तरी पीसी ऐकेलच असं नाही. त्यावर विसंबू नका.

उपाय: त्या दोन पीसींवरच रूट टाका. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा आणि

रूट -पी ॲड १९२.१६८.१०.० मास्क २५५.२५५.२५५.० १९२.१६८.१.२५४

(अर्थात रोमन लिपीत आणि इंग्रजी आकड्यांत.) -पी विसरलात तर रीस्टार्टनंतर रूट गायब. मग रूट प्रिंट मारून बघा, खाली कायमच्या रूटांच्या यादीत तो दिसला पाहिजे.

घोडबंदर_सोसायटी | मंगळवार, रात्री ९:३०

मध्येच घुसतो, माफ करा. सोसायटीच्या कॅमेऱ्यांचा एनव्हीआर (रेकॉर्डर) १९२.१६८.१.१०८ वर आहे. घरून व्हीपीएनने (नेटवरून सोसायटीच्या नेटवर्कात शिरायचा खाजगी बोगदा) बघायचा प्रयत्न करतोय. व्हीपीएन जोडला जातो, एनव्हीआर दिसत नाही. घरचा वायफाय पण १९२.१६८.१.० आहे. संबंध आहे का?

पडीक_नेटवाला | मंगळवार, रात्री ९:५०

आहेच. तुमच्या लॅपटॉपला वाटतं १.१०८ म्हणजे इथेच, हॉलमध्ये कुठेतरी. तो व्हीपीएनकडे बघतही नाही.

तात्पुरता इलाज: एकट्या १९२.१६८.१.१०८ साठी मास्क २५५.२५५.२५५.२५५ देऊन व्हीपीएनच्या गेटवेकडे रूट टाका. दोन रस्ते जुळत असले की ज्याचा मास्क जास्त लांब, म्हणजे जो जास्त नेमका, तो जिंकतो. एका पत्त्याचा रूट सगळ्या २५६ च्या रूटला हरवतो. तेव्हा मेट्रिक वगैरे कुणी विचारत नाही. फक्त घरात नेमका त्याच पत्त्यावर टीव्ही बसला नाही ना ते बघा.

खरा इलाज: सोसायटीचं नेटवर्क बदला. १०.०.०.०, १७२.१६.०.० ते १७२.३१.२५५.२५५ आणि १९२.१६८.०.० एवढे तीन खाजगी पट्टे आपल्याला मोकळे आहेत आणि सगळं ठाणे १९२.१६८.१.० वरच गर्दी करून बसलंय. १०.४७.२०.० असं काहीतरी आडवळणाचं घ्या.

रबाळेकर | बुधवार, दुपारी १:२०

प्रिंटर चालू! शेठच्या पीसीवर रूट टाकल्याबरोबर पेज उघडलं.

लॉगर अजून तसाच. वायरमन दादा, गेटवे तपासला, १०.१ बरोबर आहे. दुसऱ्या राउटरमध्ये पॅकेट कॅप्चरची सोय सापडली. खालच्या पोर्टवर लावून वरून पिंग मारला. पिंग लॉगरकडे जाताना दिसतो. उत्तर नाही. पण लॉगरकडून दर थोड्या वेळाने एक ओळ येते: १९२.१६८.१.५० कोण आहे, १९२.१६८.१०.४० ला सांगा. १.५० म्हणजे शेठचा पीसी.

स्काडावाली_ठाणे | बुधवार, दुपारी १:३५

लॉगरचा मास्क बघा. २५५.२५५.०.० असणार.

ती ओळ म्हणजे एआरपी. मशीन एआरपीने फक्त स्वतःच्या नेटवर्कमधल्यांनाच शोधतं. दूरच्याला उत्तर द्यायचं तर ते गेटवेला शोधतं. तुमचा लॉगर थेट १.५० ला हाका मारतोय, याचा अर्थ त्याला १.५० आपल्या घरातलाच वाटतो. २५५.२५५.०.० मास्क असला की १९२.१६८ ने सुरू होणारं सगळं त्याच्यासाठी एकच नेटवर्क. गेटवे बरोबर भरलाय, पण तो वापरायची वेळच येत नाही.

खालून चालतो कारण खालच्यांना या चुकीचा त्रासच होत नाही. आणि काही राउटर अशा हाकांना दुसऱ्याच्या वतीने 'मी आहे' म्हणून ओ देतात. तसा राउटर असता तर हे कधी उघडकीस आलंच नसतं, राउटर बदलल्यावर आलं असतं.

रबाळेकर | बुधवार, सायंकाळी ५:५०

शंभर टक्के बरोबर, ताई! लॉगरला तीन बटणं आणि एवढासा डिस्प्ले. मेनूत नेटवर्कचं पान, आणि मास्क एकेका तुकड्याने चार पडद्यांवर दाखवतो. २५५, २५५, ०, ०. शेवटचे दोन पडदे कुणी पुढे सरकवून बघितले असतील असं वाटत नाही. तिसऱ्या जागी २५५ आणायला बटण दाबून धरावं लागलं, मग सेव्ह, मग लॉगर बंद-चालू. ते न करता नवीन मास्क लागूच होत नाही.

ग्राफ शेठच्या टेबलावर आला. पहिलाच प्रश्न आला, रात्री सेकंड शिफ्ट नसताना कॉम्प्रेसर का चालतोय. आता ते माझ्या मागे लागलंय.

आणखी एक. उद्या अजून तीन-चार पीसींना हे द्यायचं झालं तर प्रत्येकावर कमांड मारत बसू का?

पडीक_नेटवाला | बुधवार, रात्री ८:३०

नाही. दोन पीसींपर्यंत ठीक, पुढे नको. हाताने टाकलेले रूट हे नंतर शोधायला सगळ्यात अवघड.

एक मार्ग डीएचसीपीचा, म्हणजे पीसीला आपोआप पत्ता मिळतो त्या सोयीचा. पर्याय क्रमांक १२१ मधून पीसीला पत्त्याबरोबर रूटही देता येतो. २००२ सालापासून हे प्रमाण आहे, विंडोजला समजतं. फक्त एक खोच: १२१ आला की पीसीने नेहमीच्या गेटवेच्या पर्यायाकडे दुर्लक्ष करायचं असा नियम आहे. म्हणून १२१ मध्येच डिफॉल्ट रूट, म्हणजे ०.०.०.० साठी १.१, हाही टाकावा लागतो. नाहीतर मशीन दिसतील आणि इंटरनेट जाईल. फायबरवाल्यांच्या राउटरमध्ये १२१ चं पान सहसा नसतंच म्हणा.

मी तुमच्या जागी असतो तर रचनाच बदलली असती. दुसऱ्या राउटरला तीन वेगळे पाय करता येत असतील तर: एक फायबरच्या राउटरकडे, एक ऑफिसला, एक खाली. फायबरच्या राउटरशी जोडणारा तुकडा स्वतंत्र ठेवा, १९२.१६८.२५४.०, मास्क २५५.२५५.२५५.२५२, त्यात दोनच पत्ते, एक याला एक त्याला. ऑफिसच्या पायाला १९२.१६८.१.१ द्या, म्हणजे पीसींना काही कळणारच नाही. डीएचसीपीही इथूनच.

मग ऑफिस आणि शॉप फ्लोअर दोन्ही एकाच राउटरला थेट जोडलेले. येणं-जाणं एकाच वाटेने. स्टॅटिक रूट एकही लागत नाही आणि कोणी खाली जायचं ते एकाच फायरवॉलमध्ये ठरतं. बाहेर जाताना या राउटरवर नॅट चालू राहू दे, दुहेरी नॅट होईल, पण तुम्ही तसेही १००.७२ च्या मागे आहात, बाहेरून आत कुणी येतच नाहीये.

चहा_कमी_साखर | बुधवार, रात्री ८:४५

म्हणजे एवढा धागा स्टॅटिक रूटवर आणि शेवटी रूटच नको. माझं पहिल्या दिवशीचं म्हणणं काय होतं?

वायरमन_ऐरोली | बुधवार, रात्री ८:५५

तुमचं म्हणणं राउटरच नको असं होतं.

रबाळेकर | बुधवार, रात्री ९:१०

तीन पाय जमतात या राउटरला, पोर्ट वेगळे करता येतात. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी करतो. आधी दोन्ही राउटरच्या कॉन्फिगरेशनचा बॅकअप घेतो. अजून काही राहतंय का?

पडीक_नेटवाला | बुधवार, रात्री ९:२५

त्या दोन पीसींवरचे -पी वाले रूट काढा. रूट डिलीट १९२.१६८.१०.०. नव्या रचनेत १.२५४ वर कुणी बसलेलं नसेल, आणि नेमका रूट डिफॉल्टला हरवतो हे घोडबंदरवाल्यांना सांगितलंच आहे. बाकी सगळ्या ऑफिसात खालची मशीन दिसतील आणि एकट्या शेठच्या पीसीवर दिसणार नाहीत.